वरचा डाग

रुस्तमबागेतून बानूबाईंनी पाठवलेलं चित्र
टेबलावर उताणं पडलंय, काचेबाहेर,
शंभरेक वर्षांत पहिल्यांदाच उघड्यावर.
सोबत चिठ्ठी : वरचा तपकिरी डाग तेवढा काढा,
बाकी कशाला हात लावू नका.

बॅलार्ड पिअरच्या तिसऱ्या मजल्यावर
मी आधी पंखा बंद करते,
मग कागद तिरपा धरते उजेडात.
डोंगर म्हणजे निळ्याचे तीनच हात,
एक वाळायच्या आत दुसरा.
धुकं लावलेलं नाहीच;
ओल्या रंगावरून फडकं फिरवून
चित्रकाराने ते उचलून घेतलंय.
पडक्या चर्चचा मनोरा, खाली तळं,
काठाला होडी, होडीत कुणी नाही.
आणि चंद्रावर भिंग नेलं
तर तिथं रंगाचा कणही नाही.
नुसता कागद.
सगळीकडून काळोख करत आणून
एवढ्या जागेपाशी तो थांबला होता.

शिकताना आम्ही पाठ केलं होतं :
भग्न वास्तू म्हणजे काळ,
रिकामी होडी म्हणजे मरण,
पलीकडचा काठ म्हणजे पलीकडचंच काहीतरी.
परीक्षेत याला पाच गुण असत.

धाकू चहा घेऊन दारातच थांबला.
कप आत आणायचा नाही, हे त्याला ठाऊक.
मान वाकडी करून बराच वेळ बघत म्हणाला,
"तरीवाला जेवायला गेला असेल, बाई.
आमच्या दाभोळला दुपारची तर अशीच असते."
दुपार कुठे, म्हटलं, चंद्र आहे ना.
"मग निजला असेल."

डागाचं म्हणाल, तर तो इथलाच.
भायखळ्याच्या भिंतीची ओल
फ्रेमच्या फळीतून केसभर, केसभर सरकत आलेली.
मनोऱ्याच्या डावीकडे तिचा ढग झालाय,
कडा इतकी मऊ
की मला नाही जमणार तशी.
कापसाचा ओला बोळा मी दोनदा तिथवर नेला.

खिडकीबाहेर गोदीवर
क्रेनच्या माना राखाडीत विरत चाललेल्या.
उरणची बाजू आहे की नाही, सांगता येत नव्हतं.

शेवटी फोन केला : बानूबाई, डाग निघेल,
पण त्याच्यामागचा उजेडही थोडा जाईल.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या,
"मी लगन करून या घरात आले ना,
तेव्हा तो चार आण्याएवढा होता."

काढायचा की नाही, ते बोलल्याच नाहीत.