पाच शतांश

आमच्याकडे गुण एक ते सात.
चार म्हणजे पास.
भूकंपांना ही पट्टी पुरत नाही,
ते आठ-नवाच्या घरात जातात
आणि त्यांच्याकडे फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही.

वाल्दिव्हियात, मासळीबाजारामागे
समुद्रसिंह माशांच्या मुंडक्यांसाठी भांडतात,
तिथून दोन चौक वर माझी प्रयोगशाळा.
बावीस वर्षं मी तिथे मुलांचे पूल मोडते आहे.

बाल्साच्या काड्या, गोंद, साठ सेंटिमीटरचं अंतर,
मधोमध बादली, बादलीत चमच्याचमच्यानं वाळू.
पूर्वी ज्याचा पूल जास्त पेलेल त्याला जास्त गुण.
यंदा मी नियम फिरवला:
बादली टांगण्याआधी चिठ्ठीवर लिहायचं,
कुठे मोडेल, किती किलोला.
चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात.
"मग गुण कशाचे, प्रोफेसोरा?" बाल्तासारनं विचारलं.
"माहीत असण्याचे."

बाल्तासारचा पूल एक्क्याण्णव किलोंवर हटून बसला.
वाळू संपली. टाळ्या पडल्या.
कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं.
चिठ्ठीत होतं: मोडणार नाही.

रायेनचा अडतिसाला गेला.
काडकन नव्हे, थकल्यासारखा.
चिठ्ठीत होतं: डावीकडून तिसरा सांधा,
अडतीस ते चाळीस,
रात्री शेगडीतलं लाकूड संपलं, गोंद ओला राहिला,
नव्या काड्यांना पैसे नव्हते.
आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो
डावीकडच्या तिसऱ्या सांध्याकडे.

तिला साडेसहा. त्याला तीन.

विभागप्रमुख डॉन एव्हारिस्तोंनी चष्मा कपाळावर चढवला.
"पडलेल्याला साडेसहा, उभ्याला तीन?
समितीला काय सांगू?"
म्हटलं, का उभा आहे हे
ज्यानं बांधला त्यालाच ठाऊक नसेल
तर तो उभा नसतो,
तो पडायचा राहिलेला असतो.

हे झालं बोललेलं.
न बोललेलं असं, की चौदा वर्षांपूर्वी
लिसान्द्रोची उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर होती.
प्रश्न चौथा, कर्तनबलाचं चिन्ह उलटं.
तीन पूर्णांक नव्वद.
तो दारात उभा, जाकिटावरून पाणी गळतंय,
काही मागत नव्हता.
मी पुन्हा पानं चाळली,
पद्धतीसाठी म्हणून पाच शतांश सापडले.
पुढचे पाच संगणकानं स्वतःहून दिले.
काठावर पास.

आता मी सहाव्या मजल्यावर राहते.
घर घेऊन झाल्यावर कागद पाहिले,
नकाशाखाली त्याची सही,
ठसठशीत, एकही खाडाखोड नाही.
रात्री कधी दिवा हलतो.
इथे दिवे हलतातच, लोक कूस बदलून झोपतात.
मी मात्र सेकंद मोजत बसते, आणि मनात
ते चिन्ह सुलटं करते.
नंतर शिकलाही असेल. बरेच शिकतात नंतर,
कामावर, कोणी पाहत नसताना.
त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे
ते मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी पाचनंतर बाल्तासार आला,
पूल काखेत, खांद्यावर वाळूचं पोतं.
वाटलं, भांडायला आला.
"मला बघायचंय कुठे जातो," म्हणाला,
आणि चिठ्ठी मागितली.
लिहिलं: मध्ये, एकशे दहा.
एकशे चारला उजवं टोक तडकलं,
वाळू सगळी माझ्या बुटांवर.
"उजवीकडे!" तो ओरडला, हरखून,
"उजवीकडे कसं काय?"
आणि फळ्याकडे धावला.

गुणपत्रक दुपारीच बंद झालं होतं.