प्रेक्षकांचा आवाज

कॅसेटवर मोठ्या अक्षरात नावं दोघांचीच :
भरमू बेळगुंदकर, मराठी आणि हिंदी.
इरण्णा मुगळी, कानडी, आणि इंग्रजीसारखं काहीतरी.
खाली मुंगीएवढं : प्रेक्षक – नारू सांबरेकर.
तो मी. चाळीस हजार माणूस.

वडगावात, विणकराच्या खोलीत रेकॉर्डिंग.
रात्री अकराला माग थांबले की सुरू.
दाराला कांबळं, पंखा बंद,
ते दोघे माइकपुढं घामानं निथळत
आणि मी कोपऱ्यात, तोंड मडक्यात घालून
हाऽऽऽ करून श्वास सोडायचा.
चौकार असला तर लांब.
गडी बाद झाला तर मध्येच तोडायचा.
टाळ्यांना चुरमुऱ्याचं पोतं.

"नमस्कार! गणपत गल्लीतल्या मिठाईच्या दुकानातून थेट प्रक्षेपण.
कुंद्याच्या परातीत सकाळचा ओलावा आहे,
पहिला तासभर चमच्याला मदत मिळेल."
"यस यस, व्हेरी करेक्ट भरमू,
खवा इज टर्निंग, नोडरी, टर्निंग!"

मग तिसऱ्या रेल्वे गेटातली म्हैस :
क्रीज सोडून निम्म्यात आलेली,
हो म्हणाली, नाही म्हणाली, थांब म्हणाली,
आणि गेटमननं शांतपणे बोट वर केलं.

मग दुकानाची पाटी.
"रंगाऱ्याचा रन-अप लांब आहे.
रात्री मराठी, सकाळी कानडी,
पाचव्या दिवशी सामना अनिर्णित.
सामनावीर : रंगाचं दुकान!"
इथं मी एवढा हसलो की मडकं फुटलं.
टेपवर आहे तो आवाज. लोकांना वाटतं, स्टंप उडाला.

खरं सगळ्यांना पाठ झालं ते शेवटचं.
इरण्णा ओरडतो, "चेंडू गडी दाटितु! गडी दाटितु री!"
भरमू : "कोण गडी? कुठला गडी बाद?"
"बाद अल्लप्पा, गडी! गडी अंदरे सीमा!"
"अस्सं! चेंडू सीमेपार. पण सीमा कुठाय?"
मग दोघंही गप्प.
मग भरमू, हळू, दूरदर्शनच्या आवाजात :
"निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेलाय.
दिवा अजून लागलेला नाही.
आपण वाट बघू."
पुढं टेप संपेपर्यंत नुसता मी.

दोनशे काढल्या, त्रेसष्ट खपल्या.
उरलेल्या इरण्णाच्या बहिणीनं
भोपळ्याच्या वेलाला बांधल्या, पाखरं हाकायला.

परवा इरण्णाचा गळा कापला डॉक्टरांनी.
आवाजाची पेटीच काढून घेतली.
भरमू फोंड्याहून आला, काजूची पिशवी घेऊन,
खाटेशी बसला, खाकरला,
"नमस्कार, आज खेळपट्टी..." म्हणाला
आणि पुढचं त्याला येईना.
आयुष्यात पहिल्यांदा.
खिडकीतून बाहेर बघायला लागला,
पार्किंगमध्ये बघण्यासारखं काय असतंय?

तेवढ्यात इरण्णानं दोन्ही हात उचलले,
सलाईनच्या नळीसकट,
आणि बोटांनी हवेत चौकोन काढला.
तिसरा पंच.

मी तांब्यातलं पाणी बेसिनात ओतलं,
तोंडाला लावला,
आणि सोडला श्वास. लांब. चौकाराचा.
पितळेत जरा चिरका येतोय,
मडक्याची सर नाही,
तरी मागच्या स्टँडपर्यंत सगळे उठून उभे राहिले.

सिस्टर धावत आली. "एनु गद्दला इदु?
कितीजण आहात आत?"

भरमूला आवाज सापडला.
"चाळीस हजार, बाई.
पासवर दोघांचीच नावं हायत,
खरं निर्णय लागल्याशिवाय कोण उठणार नाही."