जड पाणी

बोरच्या पाण्यात इथं तुरीची डाळ शिजत नाही.
सोडा घाला, रात्रभर भिजवा, कणी राहतेच.
बादलीच्या कडेला पांढरा थर,
पोरांच्या दातांवर पिवळा.
पांढरकवड्याच्या दवाखान्यात मी नवी आले
ती शहरातली पद्धत घेऊन:
निळं येण्यासाठी वेगळं द्रावण, तोलून, गाळून,
आणि त्याची बाटली नागपूरहून.

देवाजी उईके हसले. रॅक सरळ नळाखाली धरला.
"ह्या पाण्यात डाळ नाई शिजत बाई,
पण रंग कसा फुलते, पाय."
अर्ध्या मिनिटात
काचेवरचं जांभळट लाल
निळं झालं.

बाटली पुन्हा मागवली नाही.

बाकीचं त्यांनी हातानंच शिकवलं.
नंबर पेन्सिलनं; शाई अल्कोहोलमध्ये पळते.
मे महिन्यात मेण धरत नाही, म्हणून ब्लॉक
कुल्फीवाल्या सत्तारच्या बर्फावर, पहाटे,
लाइट जायच्या आत.
जुनं अल्कोहोल फेकायचं नाही, एक घर मागं सरकवायचं,
नवं फक्त शेवटच्या बरणीत.
एक रॅक रंगात उतरला की दुसरा झायलीनमध्ये,
दोन चुली आणि एक बाई, तसं.
घड्याळ बंद पडलं तर
हिमॅटॉक्सिलिनला दोन ते पंधराचे पाढे,
आणि आम्लाला एकच बुडी.
"इथं हात आखडता ठेव.
जास्त धुतलं तं जे पायचं हाय, तेच जाते."
इओसिन जत्रेतल्या साखरेच्या केसांसारखं गुलाबी,
माझ्या नखांतून रविवारीही निघत नाही.

पूर्वी दिवसाला बारा काचा व्हायच्या,
आता चाळीस.

निम्म्या गालाच्या असतात.
तोंड उघडेना, तिखट लागेना म्हणून आलेली माणसं,
खर्र्याची पन्नी अजून खिशात.
मला नावं कळत नाहीत. मला नंबर कळतात.

दोनशे चौदा. डावा गाल.
काचेवर पेन्सिलचा ४,
गाठ न मारलेला, उघडा.
असा चार काढणारा
या खोलीत एकच माणूस आहे,
आणि तो आज स्टुलावर नव्हता,
बाहेर बाकावर, रांगेत बसला होता.

पाढे सावकाश म्हटले.
तेरापाशी अडखळले, तसेच पुढं नेले.
एक बुडी.
नळ.
पाणी तेच, रोजचं, जड.

डॉक्टरीणबाई वणीहून गुरुवारी येतात.
तोवर माझ्या हाती
जेवढं नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच:
तुकडा कुठं दुमडला नाही,
काचेखाली बुडबुडा नाही.
दुर्बीण कोपऱ्यात झाकलेली होती.
मी कापड उचललं नाही.

देवाजी दारात आले.
निकालाचं काही विचारलं नाही.
"निळं आलं का बराबर?"
"आलं."
"मंग झालं," म्हणाले,
आणि रिकामी बादली उचलून
नळाकडे गेले.