रकाना सातवा

फॉर्म पाठपोट छापलेला.
सातव्या रकान्यात तीन चौकटी:
लस घेण्याची इच्छा आहे. इच्छा नाही. सांगता येत नाही.
आठव्यात कारण, जागा दीड ओळ.
पांचाळ वॉर्ड ऑफिसातून फोनवर म्हणाले,
परदेशी नागरिकांचे घ्या बाई, साठेक झाले तरी खूप,
तुमच्याकडे आहेतच की ते.

ते म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.
उमरखाडीत सव्वीस वर्षं
पोलिओचे थेंब पाजत हिंडलेय मी.

तिसरा मजला. दाराला साखळी.
साखळीएवढ्या फटीत येमेनचा सालेह बामतरफ.
वडिलांच्या किडनीसाठी आला होता, चार महिन्यांच्या बोलीवर.
वडील नोव्हेंबरात गेले, विमानं त्याआधीच बंद.
आता तो पेशंटसोबतचा नातेवाईक नाही,
नुसताच आलेला आहे.
लस म्हटल्याबरोबर साखळी निघाली,
बाही खांद्यापर्यंत वर. आत्ता देता?
मी म्हटलं, मी फक्त विचारायला आलेय.
त्यानं बाही खाली घेतली, हळूहळू,
गिऱ्हाईक उठून गेल्यावर
दुकानदार साडीची घडी घालतो तशी.

खाली गेटपाशी धनबीर घर्ती,
एकतीस वर्षं त्याच स्टुलावर.
नागरिकत्व: नेपाळ, असं लिहिताना त्यानं पाहिलं
आणि शुद्ध मराठीत विचारलं,
मी परदेशी कधी झालो?
त्याचा फॉर्म मी दुमडून पिशवीत टाकला.
साठात तो धरला नाही.

मग पाला गल्लीत, शिवणयंत्रांच्या वरच्या खोलीत,
केस विणणारी ती.
लागोसची, एवढंच कळलं.
समोर बसलेल्या बाईच्या डोक्यावर अर्धी शेतं नांगरून झालेली,
बोटं थांबली नाहीत.
मोडक्या हिंदीत तिनंच मुलाखत घेतली माझी:
नाव लिहिल्यावर ते जातं कुठे?
म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये.
आणि कॉम्प्युटर कुठे जातो?
याचं उत्तर पांचाळांनी मला दिलेलं नव्हतं.
पासपोर्टवरची तारीख कधीच उलटून गेली होती,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सुई बारीक असते, ती म्हणाली. शिक्का जाड.

तिच्या डाव्या दंडावर मसुरीएवढा वण.
माझं लक्ष गेलं, तिचं लक्ष गेलेल्या लक्षाकडे.
मी पदर सरकवून माझे दाखवले:
देवीचे, दोन, संगमेश्वरच्या शाळेतले.
फिरकीवाला कंपाउंडर गावात शिरला की
आई मला भाताच्या कणगीमागे लपवायची.
शेवटी दोघांनी हात धरला, तिसऱ्यानं टोचलं,
आई अंगणात तोंड भरून शिव्या देत होती, त्याला की देवीला,
ते आजतागायत कळलेलं नाही.
सातवा रकाना तेव्हा नव्हता.

हे सगळं मी मराठीतच सांगून बसले.
ती हसली. कणगी तिला कळली असावी.

हो म्हणाली नाही.
मी तिसऱ्या चौकटीवर पेन टेकवलं, उचललं,
फॉर्म कोराच परत आणला.

गुरुवारी ती आली.
आली म्हणजे समोरच्या फुटपाथला,
शहाळेवाल्याच्या ढिगाआड,
खरेदीची पिशवी पोटाशी धरून.
आमच्याकडे उघडलेल्या वायलमध्ये दोन डोस उरलेले,
चार वाजता ती फेकायची.
सालेह टोचून घेऊन अर्ध्या तासाच्या खुर्चीत,
दंडावरचा कापूस दाबत, जरा जास्तच ताठ बसलेला.
पावणेचार.
मी दारात गेले, हाक मारायला तोंड उघडलं
आणि ते तसंच राहिलं.
नाव कुठे माहीत होतं मला?

मग ऐन रस्त्यावर, पन्नाशी उलटलेल्या बाईनं,
पालिकेच्या साडीत, ब्लाऊजची बाही गुंडाळली
आणि दंड वर धरला.
पानवाला बघतच राहिला.

तिनं पिशवी खांद्याला अडकवली.
उजवीकडे पाहिलं, डावीकडे, परत उजवीकडे.
एक टेम्पो जाऊ दिला.