संकष्टीला थाई

वन्संचे नवे दात वरच्या मजल्यावर बसले
आणि डॉक्टर म्हणाला, तासाभराने काहीतरी मऊ खा.
खाली उतरलो तेव्हा पाऊण वाजलेला,
लोकमान्य नगरच्या नाक्यावर ऊन असं
की रिक्षावाले पैसे ऐकूनसुद्धा सावलीतून हलेनात.

समोर पाटी : सियाम स्वाद, शुद्ध शाकाहारी थाई.
पूर्वी इथे फॉल-पिको व्हायचं.
माझ्या निम्म्या साड्यांच्या कडा ह्याच दारातून बाहेर पडल्या.
आता भिंतीवर सोनेरी हत्ती आहे,
पण उंबऱ्याजवळच्या फरशीवरचा
इस्त्रीचा तिकोनी डाग कुणी काढलेला नाही.

"मला संकष्टी," वन्सं म्हणाल्या,
"मी नुसती बसते. तू खा तुझं चायनीज."
थाई, मी म्हटलं.
"तेच ते."
नव्या दातांतून प्रत्येक च शिट्टी वाजवत येत होता,
म्हणून मी वाद वाढवला नाही.

पलीकडच्या टेबलावरून आवाज आला,
"भिया, जीरावण है क्या?"
होतं. डबी काउंटरवरच होती,
वापरून वापरून झाकण सैल झालेली.

माझी हिरवी करी आली.
वाफेत गवती चहा, ईडलिंबाचं पान,
आणि आंबेहळदीच्या जवळचं काहीतरी,
पण आंबेहळद नव्हे.
ओळखीच्या घरात शिरावं
आणि सामान भलत्याच खोल्यांतून लावलेलं असावं, तसं.

तेवढ्यात वन्संनी मेनूवर बोट ठेवलं.
"हे बघ. साबुदाणा, नारळाचं दूध, रताळं, गूळ.
अगं, हे उपासाचं आहे."
आचाऱ्याला बाहेर बोलावलं.
बिनय टेरांग, आसामात दिफूचा.
सगळे त्याला बँकॉकचा समजतात,
त्याने खुलासे करणं सोडून दिलंय.
"मीठ कौनसा डालते हो?"
"चुटकीभर, सादा."
"सेंधा नहीं है?"
तो गल्लीच्या तोंडाशी किराण्याच्या दुकानात गेला
आणि दहा रुपयांची पुडी घेऊन आला,
बिलात न लावता.

वाटी आली.
वन्संनी चमचा फिरवला. दाणा दाण्याला चिकटलेला.
मी श्वास धरून बसले.

एकतीस वर्षं माझ्या खिचडीवर ह्या चमच्याचा निकाल लागत आलाय.
भिजवण कमी. भिजवण जास्त.
कूट जाड. गिचका केलास.
एकदा तर सगळ्या पंगतीसमोर :
आमच्या आईच्या हातचा साबुदाणा मोत्यासारखा सुटायचा.

वन्संनी घास घेतला.
नवे दात सावधपणे एकमेकांना भेटले.
"चिकट आहे," त्या म्हणाल्या.
आणि मग, अगदी मायेने,
"असू दे. ह्यांच्यात असाच करत असतील."

एवढं सोपं होतं तर.
मला फक्त दिफूला जन्म घ्यायला हवा होता.

मला हसू आलं, करी घशात गेली, ठसका लागला.
वन्संनी पाण्याचा पेला पुढे सरकवला,
मग थोडं थांबून वाटीही.
"मला उपास नाही आज," मी म्हटलं.
"म्हणून काय झालं? खाऊन बघ. तुझ्यासारखाच झालाय."

ह्यात काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

निघताना त्यांनी माझ्या ताटलीतली
गवती चहाची कांडी उचलली, हुंगली,
रुमालात गुंडाळायला लागल्या.
"कुंडीत लावीन."
शिजलेलं रुजत नाही, वन्सं.
"तू गप गं."

बिनयने ते ऐकलं असावं, मराठी न कळताही.
आतून मुळासकट एक ठोंब आणून दिला,
ओल्या वर्तमानपत्रात बांधलेला.

रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये होता.
पानांच्या धारेने माझी कोपरं ओरखडत होती.
वन्सं झोपल्या होत्या, तोंड जरासं उघडं,
आणि आत ते नवे, पांढरे,
कुणालाच अजून काही न बोललेले दात.