थंड सुरुवात

सकाळी सात चाळीसची फेरीबोट, रायबंदर ते दिवाडी.
मांडीवर दोन फोन, एकाच पेटीतून निघालेले,
पाठीवर खडूनं अ आणि ब.
अ ला टॉवरची मदत. ब ला कुणाचीच नाही.

प्रत्येक चाचणीआधी दोघांना सगळं विसरायला लावायचं:
वेळ, शेवटचा मुक्काम, कुठला उपग्रह कधी उगवतो ते.
त्यासाठी एक बटण आहे.
आज मी ते एकोणीस वेळा दाबलं.

अ लगेच विचारतो टॉवरला, लाज न बाळगता:
किती वाजले, मी साधारण कुठे,
आत्ता डोक्यावर कोण कोण आहे?
सहा सेकंद. ठिपका बसतो.

ब वर बघत राहतो.
वीस हजार किलोमीटरवरून पुटपुटल्यासारखं येतं ते,
निदान तीस सेकंद सलग ऐकावं लागतं.
मध्येच पत्र्याचं छप्पर आलं,
पाववाल्याची टोपली आली,
की पुन्हा पहिल्यापासून.
ब बद्दल काही वाटू देऊ नये
असं सूचनांत कुठे लिहिलेलं नाही.

"कितें सोदता गो?" दोर गुंडाळत रोझार विचारतो.
मी कुठे आहे ते, मी म्हणते.
तो हसत नाही. बाजूला वाकून बघतो.
"तूं मदीं आसा. उदक पळय."

मध्यावर दोन टॉवरांची ओढाताण,
नकाशावर फिकट निळं वर्तुळ, अकराशे मीटरचं,
त्यात दोन्ही धक्के, खारफुटी, बगळे,
कुणाची तरी उलटी घातलेली होडी
आणि मी, सगळे सारखेच खरे.

खरं स्थान मात्र कागदोपत्री एकच:
दिवाडीच्या उतारावर, तिसऱ्या दगडात
मोजणीवाल्यांनी ठोकलेला पितळी खिळा.
त्यावर फोन ठेवायचा, चूक मोजायची.
खिळा आत्ता भरतीखाली.
वेर्ण्याहून रेश्मा विचारते, आकडे कधी?
ओहोटीला, मी सांगते.
तिला वाटतं मी विनोद केला.

दुपारी पाणी उतरलं. शेवाळ खरवडून खिळा काढला.
विसर. शोध. विसर. शोध.
अ सहा सेकंदांत, ब दोन मिनिटं अकरा,
आणि दोघांनीही मला नदीत उभं केलं,
चार मीटर आत, एकाच दिशेला,
पुन्हा पुन्हा,
ठरवून आल्यासारखे.

रोझार डबा धुवायला खाली आला.
"हो खिळो?" टाच त्यावरच.
"उतार नवो केलो तेन्ना काडून हांगा मारला."
किती सरकवला?
"खबर ना. हांव तेन्ना चोडण्याच्या बोटीर आशिल्लों."

रकाना तसाच मोकळा. पेनाला चिखल.
फोन वाजतो, पर्समधला, माझा स्वतःचा.
त्याच्यावर लोकेशन
मी कायम बंद ठेवते.