ण नोव्हेंबरचा

डोरीनबाईंनी पहिला महिना मला बोलूच दिलं नाही.
"बटण दाबायचं नाही. आधी ऐक."
वय एक्क्याऐंशी, स्वयंपाकघरात तीन रेडिओ,
चौथा ब्रेडच्या डब्यात.
मी टॉडमॉर्डनच्या औषधांच्या दुकानात,
दिवसभर लोकांचं ऐकणं हाच माझा धंदा,
तरी ऐकता येत नव्हतं.
खरखर म्हणजे नुसती खरखर,
कढईत मोहरी, पत्र्यावर वाळू.
मग एका गुरुवारी तिच्या तळाशी
कुणीतरी खोकलं.
खोकला स्पॅनिश होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

परीक्षेला शेजारी तेरा वर्षांचा कॅलम.
तो माझ्याआधी पेपर देऊन उठला.
मी ओहमचा नियम
चिपळूणच्या शाळेतून, तिसऱ्या बाकाखालून शोधून आणला.
गंजला होता, चालला.

पन्नाशीत पुन्हा मुळाक्षरं.
ग गणपतीचा सोडून जी गोल्फचा,
जो मी जन्मात खेळले नाही.
वीणा: व्हिक्टर, इको, इको, नोव्हेंबर, अल्फा.
बाणाचा ण थेट नोव्हेंबरात जाऊन पडला.
इथे नोव्हेंबरात सगळंच पडतं.

तार वीस मीटर, मधोमध तोडलेली,
न्हाणीघराच्या खिडकीपासून
शेजारच्या ग्रीनवुडांच्या झाडापर्यंत.
आईला फोनवर म्हटलं, अगं, तार लावतेय,
तर ती एकदम गप्प.
तिच्या काळी तार यायची ती कुणी गेल्याचीच.
"कुणाची?" तिने हळूच विचारलं.

दहा वॅट.
जुन्या फ्रिजमधला दिवा याहून जास्त खातो.
तेवढ्यावर सीक्यू, सीक्यू,
म्हणजे कुणी आहे का, कुणीही,
दार सताड उघडं टाकून अंधाराला विचारायचं.
अकरा रात्री कुणी नव्हतं.
बाराव्या रात्री अझोर्स बेटांवरचा एक दंतवैद्य,
आभाळाच्या छताला टेकून माझ्या खोलीत उतरलेला,
म्हणाला, तुझा आवाज विहिरीतून येतोय,
पण येतोय.
चार मिनिटं. मी हवा विचारली,
तो मांजराचं नाव सांगत होता तेव्हा विरला.
वहीत लिहिलं: नऊ सत्तेचाळीस. मांजर, मा... पुढचं गेलं.

फेब्रुवारीत कॅल्डर वर आली.
एरवी पुलाखालून खालमानेने जाणारी.
भोंगा वाजला, मग वीज, मग मोबाइलचे टॉवर,
जत्रा उठताना दिवे जातात तसे, एकेक.

वाशिष्ठीच्या पुरात माझा भाऊ
दोन दिवस लागत नव्हता.
दोन दिवस तीच बाई, त्याच गोड आवाजात:
कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.
रेडिओ मी त्या बाईवरच्या रागाने घेतला,
हे डोरीनबाईंना कधी सांगितलं नाही.

चर्चचा हॉल, गाडीची बॅटरी, ओले मोजे.
त्यांनी माईक माझ्याकडे सरकवला.
शौर्य वगैरे काही नाही. एकच निरोप:
दार क्रमांक चौदा, मिस्टर होराबिन,
इन्सुलिन फ्रिजसकट पाण्यात, आज रात्रीच हवं.
औषधाचं नाव एकेक अक्षर,
मग पुन्हा एकेक अक्षर.
हॅलिफॅक्सचा माणूस सगळं परत म्हणत होता,
पाढे घोकावेत तसं.
"निरोप कोण देतंय?"
व्हिक्टर, इको, इको...
"पुढचं निसटलं. पुन्हा?"
"ण," माझ्या तोंडून गेलं,
"ण बाणाचा."
पलीकडे नुसती खरखर.
मग मी नोव्हेंबर म्हणाले, आणि तो, "मिळालं."

इन्सुलिन ट्रॅक्टरवर बसून पहाटे तीनला पोचलं.
डोरीनबाईंनी फ्लास्कमधला चहा ओतला,
कोमट, बिनसाखरेचा,
आणि म्हणाल्या,
"बटण सोडायला उशीर करतेस."